कानामागचं मशीन

"मला सगळं ऐकू येतं. हीच पुटपुटते."

बोईसरच्या आमच्या क्लिनिकमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की बोलणाऱ्याच्या कानाचा आलेख तपासणीआधीच मनात काढता येतो. बोलणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. तारापूरच्या एखाद्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात किंवा पत्र्याच्या शेडखाली त्याची सगळी नोकरी झालेली असते. आणि 'ही' शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसलेली असते. ती काही बोलत नाही. पुटपुटल्याचा आरोप आधीच झालेला असतो.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाची डॉक्टर नव्हे. कान फुटला, दुखला, वाहिला तर डॉक्टरकडे जायचं. किती ऐकू येतं हे मोजायचं असेल आणि मशीन लावायचं असेल तर माझ्याकडे. आमच्याकडे काचेची खिडकी असलेली एक छोटी खोली आहे, तिला बूथ म्हणतात. आत बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. माणसाला आत बसवायचं, कानावर हेडफोन लावायचे आणि बारीक होत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकवायच्या. ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. मग शब्दांची परीक्षा. मी बाहेरून माईकवर एकेक शब्द सांगते, त्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा. त्याचा आवाज माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधून येतो. नियम एकच, जे ऐकू येईल ते म्हणायचं. शब्द विचित्र वाटला, अर्थ लागला नाही, तरी म्हणायचं.

आता त्या पुटपुटण्याबद्दल. तो माणूस खोटं बोलत नसतो. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की कान एकदम जात नाही. आधी उंच, बारीक आवाज जातात. स, श, फ यांची धार जाते. लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं अर्धवट पोचायला लागतं. सुपरवायझरचा जाड आवाज मात्र शाबूत राहतो, ट्रकचा हॉर्न राहतो, चहाच्या टपरीवरच्या मित्राची शिवी राहते. त्यामुळे त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटतं की जग ठीक आहे, फक्त बायको नीट बोलत नाही. हे मी आलेखावर बोट ठेवून समजावते. तो मान डोलावतो आणि बायकोकडे वळून म्हणतो, "बघ, मी सांगत होतो ना, तुझाच आवाज तसा आहे."

आमच्याकडे काही ठरलेले प्रश्नही असतात. कान कमी झाल्यापासून माणसांत जायचं टाळता का? घरात चिडचिड होते का? एकटं वाटतं का? पुरुष तिन्ही प्रश्नांना 'नाही' म्हणतात. बायको मागे बसून तिन्ही वेळा मानेने 'हो' म्हणते. मी दोन्ही लिहून घेते.

मी स्वतः फार बोलणारी नाही. या कामात ते खपून जातं. मी काचेच्या अलीकडे, माणूस पलीकडे आणि मध्ये माईक. माझं शिक्षण पालघरच्या इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठी, पण लिहिणं-वाचणं इंग्रजीतच. त्यामुळे शब्दांच्या परीक्षेसाठी सुरुवातीला आरशासमोर उच्चारांचा सराव करायचे. तो सराव जरा जास्तच झाला. मासवणकडच्या एका आजीने बूथमधून मला विचारलं होतं, "बाय, तू टीव्हीवर बातम्या सांगते काय?"

या कामाच्या सहा वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. पुरुष येतो तेव्हा बायको त्याला घेऊन आलेली असते, पण बोलतो तो. बाई येते तेव्हा तिला आणलेलं असतं आणि बोलतात दुसरेच. कधीपासून ऐकू येत नाही, हे नवरा सांगतो. कोणता कान, हे मुलगा सांगतो. एका काकांनी बायकोला तपासणीला आणलं आणि मशीनचा विषय निघाल्यावर म्हणाले, "तिला आता ऐकून काय करायचं हाय? घरातच असते." मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. तिला ते ऐकू आलं नव्हतं, पण अंदाज आला होता. नंतर ते पैसे द्यायला बाहेर गेले तेव्हा ती मला म्हणाली, "नाय ऐकू आलं तर बरंच असतं ताई. निम्मं भांडण तितंच संपतं." ती हसत होती. ते हसणं सुखाचं होतं की सवयीचं, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

उलटा अनुभवही आहे. नवापूरच्या चंद्रामावशी मासे विकतात. त्या आल्या तेव्हा नवरा, दोन मुलगे आणि एक सून असा सगळा ताफा बरोबर होता.

"काय गो पोरी, ह्या मशीनला पानी चालल का?"

"नाही मावशी, पाणी नको लागायला."

"मंग म्हावरा विकू कशी? सुका?"

सगळे हसले. नवरा म्हणाला, "मॅडम, चांगला द्या. ही आयकत नाय तर गिऱ्हाईक आमाला फसवते." घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू दुरुस्तीला आणावी तसे ते आले होते. त्यांच्या घरात विक्री तिच्या हातात, आणि कान हा त्या कामाचा भाग. रंग निवडायची वेळ आली. मी नेहमीप्रमाणे कातडीच्या रंगाचं पुढे केलं, कारण सगळे तेच मागतात. मावशींनी नमुन्यांचं तबक बाजूला ढकललं.

"लाल नाय का? दिसला पायजे ना. दिसला म्हंजे लोक नीट बोलतीन."

त्या आता अबोलीच्या वेणीखाली लाल मशीन लावून बाजारात बसतात. काही महिन्यांनी त्यांचा नवरा स्वतःहून आला. "तिनं लावलाय, मंग मना कसली लाज?" कानामुळे त्यांनी किनाऱ्यावर जाळी विणायला बसणं सोडलं होतं. तिथल्या गप्पा कळत नव्हत्या. आता परत बसतात.

मला हे नाटकाच्या शेवटासारखं सुखी लिहायचं नाही. मावशींना पुढच्या वेळी विचारलं, मशीन कसं आहे? त्या म्हणाल्या, "गावच्या बैठकीत बायांना बसायला नाय. मी भायेर बसते. आदी काय बोलतात ते समजत नव्हता. आता सगळा आयकते, नि डोका फिरतो." म्हणजे ऐकू आल्यामुळे त्यांच्या सुखात भर पडली आणि थोडी घटही झाली. पण मशीन काढून ठेवावं असं त्यांना एकदाही वाटलेलं नाही. मी विचारलं होतं.

ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसले तो वेगळ्या घरातला आहे. नावं बदलली आहेत. जिच्याबद्दल आहे तिला विचारलं, ती म्हणाली, लिहा.

हर्षाली उमरोळीजवळच्या एका गावातली. घरची चिकूची वाडी, वडील वाडीत, आई घर आणि वाडी दोन्हीकडे. ती माझ्याच वयाची. लहानपणी कान वाहायचे. वाहणं औषधांनी थांबलं, पण गेलेलं ऐकणं परत आलं नाही. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्म्यावर. ती बी.ए. झाली होती आणि गावातल्या लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. त्या बंद केल्या होत्या. मागे बसलेली मुलं काय उत्तर देतात ते कळत नव्हतं आणि मुलांना ते कळायला लागलं होतं.

ती आईबरोबर आत आली. दोघी बसल्या. लगेच आई उठली, हर्षालीला उठवलं, आणि दोघींनी खुर्च्यांची अदलाबदल केली. इतकी सहज की दोघींपैकी कोणी काही बोललं नाही. आता आई आणि मी दोघीही तिच्या उजव्या हाताला होतो.

"हिला मी कायम डाव्या टोकाला बसवते," आई म्हणाली. "लग्नात, सत्यनारायणाला, गाडीत. सगळी माणसं उजवीकडे आली पायजेत. आजपर्यंत बाहेरच्या कोणाला समजलं नाय."

त्या हे अभिमानाने सांगत होत्या. एवढी वर्षं त्यांनी प्रत्येक कार्यक्रमात आधी जाऊन खुर्च्या पाहिल्या होत्या. मुलीवर माया होती यात मला शंका नाही.

"मॅडम, न दिसणारं मशीन पायजे. कानाच्या आत जातं ते. हिला बघायला येणार हायत."

मी तपासणी केली आणि जे होतं ते सांगितलं. आत बसणारं छोटं मशीन हिच्यासाठी नाही. त्याची ताकद कमी पडेल, आणि एकेकाळी वाहणारा कान आतून पूर्ण बंद करणं बरोबर नाही. हिला कानामागे बसणारं लागेल, त्याची नळी आणि कानात बसणारा साचा थोडा दिसेल.

"मग नको," आई म्हणाली.

हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. "त्याने मुलांचं बोलणं ऐकू येईल?"

"पाठीमागच्यांचंही. बऱ्यापैकी."

"पण दिसल," आई म्हणाली. "चष्मा असता तर मी काय बोलली नसती. कान म्हणजे वेगळं. कान गेला म्हणजे लोक म्हणतात डोकंच कमी हाय. मुलगा असता तर चाललं असतं, मुलीचं नाय चालत. नियम मी नाय केलेला."

हे खरं होतं. तो नियम त्यांनी केलेला नव्हता, त्या फक्त तो व्यवस्थित पाळत होत्या. चाचणीसाठी मशीन काही दिवस घरी न्या, असं मी सुचवलं. पाहुणे येऊन गेल्यावर बघू, असं म्हणून त्या गेल्या.

वर्षातून काही दिवस आम्ही मशीन घेऊन कारखान्यांत जातो. जिथे मोठा आवाज असतो तिथे कामगारांचे कान दरवर्षी तपासायचे असतात. अशाच एका कापडाच्या कारखान्यात, कँटीनशेजारच्या खोलीत, मी ओळीने माणसं तपासत होते. बोलणं बहुतेक हिंदीत चालतं. "मैडम, सब सुनाई देता है, खाली घरवाली का फोन नहीं सुनाई देता," असं एकजण म्हणाला आणि मागची रांग हसली.

नंतर आलेला मुलगा मराठी होता, तिशीच्या आतला, मागांच्या दुरुस्तीचं काम करणारा. त्याला निखिल म्हणते. त्याचा आलेख मला पाठ असलेलाच निघाला, फक्त वीस वर्षं लवकर. उंच आवाजांच्या जागी खड्डा. मी कानात बोळे घालता का विचारलं. तो म्हणाला, मागात कुठे घासतंय ते आवाजावरून कळतं, बोळे घातले तर कसं कळणार?

"बायकांचं, लहान मुलांचं बोलणं अस्पष्ट वाटतं का?"

"नाही. ठीक आहे सगळं." मग जरा थांबून हसला. "परवा मुलगी बघायला गेलो होतो. उमरोळीला. तिचं मात्र काहीच कळलं नाही. फार हळू बोलते."

रांगेतला त्याचा मित्र म्हणाला, "मग होकार कशाला दिलास?"

"हळू बोलते म्हणून तर आईला आवडली. चांगल्या वळणाची आहे म्हणाली. आणि तिची आई पण कडक आहे बरं का. चिकूखाली खुर्च्या मांडल्या होत्या, मुलगी येऊन बसली तर आईने तिला उठवून एकदम दुसऱ्या टोकाला बसवली. मी विचारलं, शिकवणी घेता का, तर मानेने हो म्हणाली. मी अजून काही विचारलं, त्यालाही हो म्हणाली."

माझ्या हातात पुढच्या माणसाचे हेडफोन होते. मी ते पुसायला घेतले.

आमच्या कामात एका माणसाचा कान दुसऱ्या माणसाला सांगायचा नसतो. हा नियम मला अवघड कधी गेला नव्हता, कारण मी एरवीही कोणाला काही सांगत नाही. त्या दिवशी परतताना गाडीत मी एवढाच विचार केला की चिकूच्या झाडाखाली दोन माणसं समोरासमोर बसली, दोघांना एकमेकांचं फारसं ऐकू आलं नाही, दोघांनी सगळ्याला हो म्हटलं, आणि मोठी माणसं खूश होऊन उठली. एकाच्या न ऐकण्याला कंपनीतलं काम म्हणतात. दुसरीच्या न ऐकण्यासाठी खुर्च्या हलवाव्या लागतात.

काही दिवसांनी हर्षाली आली, एकटीच. कानामागचं मशीन चाचणीसाठी लावलं. पहिल्यांदा सगळ्यांना स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा वाटतो, तसा तिलाही वाटला. मग तिने खोलीभर नजर फिरवली.

"हा टकटक आवाज कसला?"

"माझा कीबोर्ड."

"आणि हा?"

"बाहेर पाणी पडतंय टाकीत."

तिने बराच वेळ टाकी ऐकली. मग म्हणाली, "लग्न ठरलं माझं. मेसेजवर बोलतो आम्ही. फोन नको म्हणते मी, तर तेही नको म्हणतात." ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या ओठांकडे. वर्षानुवर्षं असंच ऐकत आलेली. "एक सांगू? त्या दिवशी ते माझ्या तोंडाकडे बघत होते. घरातले म्हणाले, बघ कसा बघत होता, आवडलीस तू त्याला. पण तसं बघणं वेगळं असतं. ते माझ्यासारखं बघत होते."

मी तिच्या कानातला साचा पुन्हा एकदा बसवून पाहिला. तो आधीच नीट बसलेला होता.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"तुझ्या कानाबद्दल मी सांगू शकते," मी म्हणाले. माझा चेहरा कोरा ठेवण्याचा मला सराव आहे. पण चेहरे वाचण्याचा तिचा सराव जास्त होता. तिने पुढे विचारलं नाही.

ती म्हणाली, "मी लग्नाआधी सांगणार आहे. आई म्हणते लग्न झाल्यावर सांग. मी म्हटलं, मग मी आयुष्यभर डाव्या टोकाला बसू का?"

"मोडलं तर?"

"मोडू दे." आणि मग तेवढ्याच सुरात, "मोडलं तर आईला फार लागेल. बाबा तिलाच बोलतील."

तिने मशीन घेतलं. कातडीच्या रंगाचं. आणि मेसेज करून निखिलला सांगितलं. त्याचं उत्तर तिने मला नंतर दाखवलं. 'चालेल मला. फक्त आईला नको सांगूस. ती असेल तेव्हा काढून ठेव.' ती म्हणाली, पहिला शब्द वाचून मी रडले, बाकीचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

लग्न झालं. हर्षाली केळव्याकडे सासरी गेली. मशीनची तपासणी करून घ्यायला अधूनमधून यायची. तिने आजूबाजूच्या मुलांच्या शिकवण्या पुन्हा सुरू केल्या होत्या, शेजारच्या ओटीवर, कारण घरात सासूबाई असत. म्हणजे मुलांसमोर मशीन लावायचं आणि घरात पाऊल टाकताना काढून रुमालात बांधायचं. मशीन किती वेळ वापरलं याची आत नोंद राहते, ते दिवसातून थोडाच वेळ चालू असतं हे मला दिसायचं. कानांना अशी सवय होत नाही, दिवसभर लावावं लागतं, हे मी सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे.

"कशी आहेस?" मी एकदा विचारलं. असं मी सहसा विचारत नाही.

"सगळे चांगले आहेत," ती म्हणाली. "सासूबाई हल्ली बोलत नाहीत माझ्याशी. का ते कळत नाही."

मग एका दुपारी ती नवऱ्याला घेऊन आली. बरोबर सासूबाईही होत्या, हातात केळ्यांची पिशवी. निखिल माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला. मी कारखान्यातल्यासारखीच हसले.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही," निखिल म्हणाला. "मला सगळं ऐकू येतं. हीच जरा..."

"पुटपुटते," हर्षाली म्हणाली.

"कंपनीत सगळ्यांनाच होतं तसं," सासूबाई म्हणाल्या. "पण म्हटलं दाखवू. मुलाच्या कानाशी खेळ नको. मी सोताच आली." त्यांच्या बोलण्यातून कळलं की कान दाखवायचं सुनेने सुचवलं तेव्हा निखिलने टाळलं होतं. आईने सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी सुट्टी काढली.

हर्षालीचे केस मोकळे होते. ती डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसली नव्हती. उजव्या कानाच्या बाजूला भिंत होती, आणि सासूबाई डावीकडे. तरी त्यांनी पाण्याची बाटली मागितली तेव्हा तिने ती दिली. मशीन केसांखाली चालू होतं.

निखिलला बूथमध्ये बसवलं. शिट्ट्या झाल्या. आलेख तसाच, किंचित खाली गेलेला. मग शब्द. मशीनशिवाय त्याचे स, श, फ सगळे गेले. मी हेडफोन काढून त्याच्या कानांवर चाचणीची मशीनं लावली आणि माईक बूथमधल्या स्पीकरला जोडला. त्याच्या कानाला अगदी बारीक तारेचं लागतं, केसांतही दिसत नाही असं. जिला लपवावं लागलं तिला दिसणारं आणि ज्याला कोणी काही म्हणणार नव्हतं त्याला न दिसणारं, असं झालं. कानाला यातलं काही माहीत नसतं.

अशा वेळी आम्ही घरच्या माणसाच्या आवाजात शब्द म्हणवून घेतो. रोज जो आवाज ऐकायचा आहे त्यावरच मशीन तपासलेलं बरं. मी खुर्ची हर्षालीला दिली, माईक पुढे केला, शब्दांचा कागद ठेवला आणि माईकचं बटण दाबून धरलं. सासूबाई आमच्या मागेच बसल्या होत्या. काचेतून निखिलला आम्ही तिघी दिसत होतो.

"घोडा," हर्षाली म्हणाली.

"घोडा," स्पीकरमधून निखिल.

"शाळा."

"शाळा."

"फणस."

"फणस." तो स्वतःशीच हसला. मघाशी हा शब्द त्याला आला नव्हता.

"बरा ऐकतो की," सासूबाई म्हणाल्या.

हर्षालीने कागदावरून नजर काढली. आवाज न चढवता, शब्द सांगत होती त्याच आवाजात ती माईकमध्ये म्हणाली, "आई असल्या की मशीन काढून ठेव, असं मला सांगू नका."



निखिल काचेतून बघत होता. आधी बायकोकडे, मग तिच्या मागे बसलेल्या आईकडे. उत्तर आलं नाही की मी चुकीची खूण करते. पेन माझ्या हातात होतं. खूण करायचं मला सुचलं नाही.

हर्षालीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तितक्याच हळू.

बूथमधली माणसं गरजेपेक्षा मोठ्याने बोलतात. निखिलही तसाच बोलला, एकेक शब्द सुटा करून. "आई असल्या की... मशीन काढून ठेव... असं मला सांगू नका."

"कसला मशीन?" सासूबाई म्हणाल्या. "कोणाचा?"

हर्षालीने केस मागे घेतले आणि मान वळवली.

सासूबाईंनी आधी मशीन पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मीच ते तिथे चिकटवलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे फसवलं तुमी आमाला. तुज्या आईनं तोंडावर गोड बोलून फसवलं." त्या पुढे म्हणाल्या, "नि हा? ह्याला माहीत व्हतं?"

"लग्नाआधीपासून," हर्षाली म्हणाली.

"अगं मग मी तुला चुलीपासून हाका मारते, तू वळून बघत नाय..."

"तेव्हा मशीन रुमालात असतं."

"मी समजायची तू उर्मट हाय." सासूबाईंनी केळ्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "शेजारी सांगून आली मी. शिकलेली हाय, म्हणून ओ देत नाय. किती दिवस मी कोणाशी धड बोलली नाय, जेवन गोड लागत नव्हतं मला." आणि मग परत रागाने, "पण फसवलं ते फसवलंच."

"हो," हर्षाली म्हणाली.

बोलण्यासारखं माझ्या कामात काही नव्हतं. बूथमध्ये बाहेरचा आवाज जात नाही, माईकचं बटण मी मघाशीच सोडलं होतं. काचेपलीकडे निखिल, दोन्ही कानांत मशीनं लावून, आपल्या आईच्या आणि बायकोच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत बसला होता. एकीचं तोंड थांबलं की दुसरीचं हलत होतं. त्याला एकही शब्द पोचत नव्हता. थोड्या वेळाने त्याने हळूच हात वर केला, वर्गात करतात तसा.

"पुढचा शब्द सांगा ना," स्पीकरमधून तो म्हणाला.

सासूबाईंनी मान काचेकडे वळवली. हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं आणि कागदावर बोट ठेवलं. केस पुन्हा पुढे न घेताच ती माईककडे वाकली.

"लसूण."

"लसूण," निखिल म्हणाला.